गाळणे, निवळणे आणि फ्रेंच प्रेसमधली कॉफी



मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धती शिकवताना आपण सगळेच चहाच्या गाळणीचं उदाहरण देतो. उदाहरण चांगलंच आहे, पण मुलांच्या इतकं सवयीचं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. शिवाय स्टीलच्या पातेल्यात आत काय चाललंय ते दिसतही नाही. हल्ली बऱ्याच घरांत फ्रेंच प्रेस आलेला असतो. काचेचं उभं भांडं, वर झाकण, झाकणातून आत जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बारीक जाळीची चकती. बस, एवढंच यंत्र. विरघळणं, निवळणं आणि गाळणं या तिन्ही क्रिया त्यात काचेतून समोर दिसतात. म्हणून आज त्यात कॉफी कशी करायची ते सांगते, आणि प्रत्येक पायरीला 'असंच का' हेही.

नाव फ्रेंच असलं तरी त्याची जन्मकथा थोडी वाटणीची आहे. दांड्याला जाळी लावून कॉफी गाळण्याच्या साधनाचं पेटंट पॅरिसमधल्या मायर आणि देल्फोर्ज यांनी १८५२ मध्ये घेतलं. आज आपण वापरतो त्याच्या जवळ जाणारं रूप मात्र मिलानच्या अत्तिलियो कालिमानी आणि जुलियो मोनेता यांच्या १९२९ च्या पेटंटमधलं. म्हणजे फ्रेंच नाव, इटालियन बांधा.

आधी प्रमाण. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी, हे सुरुवातीला धरायला सोपं माप. बाजारात '३ कप' म्हणून मिळणारा प्रेस साधारण ३५० मिलीचा असतो. (तो 'कप' आपला नव्हे, छोटा, १२० मिलीच्या आसपासचा. पहिल्यांदा घेणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.) काठोकाठ भरायचा नाही म्हणून ३०० मिली पाणी घ्या, त्याला १८ ग्रॅम कॉफी. वजनकाटा असेल तर वापराच, कारण चमच्याचा भरवसा नाही. जाड दळलेली कॉफी चमच्यात कमी बसते, बारीक जास्त. गुणोत्तर शिकवणाऱ्यांना इथे आयतं उदाहरण मिळतं: १८ ला ३०० म्हणजे ३ ला ५०. पुढे असंही विचारता येईल की कपात ३०० मिली का येत नाही? कारण चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो. ३६ मिली तिथेच गेलं.

आता दळण. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. आणि मी चुकले तेही इथेच.

प्रेस नवीन होता आणि घरात फिल्टर कॉफीची पूड होती. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरसाठी दळलेली, बारीक. तीच घातली. दांडा अर्ध्यावर अडकला. मी तळहात ठेवून जोर लावला, चकती तिरकी झाली आणि कडेतून गरम कॉफीची चिळकांडी उडाली. मनगट भाजलं. दहा मिनिटं गार पाण्याखाली हात धरून उभी होते. मुलगी ओट्याशीच उभी होती, एका हाताच्या अंतरावर. तिच्यावर उडालं नाही, एवढंच.

असं का होतं? बारीक पूड जाळीची छिद्रं बुजवते. पाण्याला वर यायला वाट राहत नाही. आपण जोर वाढवतो तसा चकतीखालच्या पाण्यावरचा दाब वाढतो, आणि मग जिथे फट सापडेल तिथून ते सुटतं. काच आधीच तडकलेली असेल तर भांडंही फुटू शकतं. म्हणून फ्रेंच प्रेसला कॉफी जाडसर हवी. लापशीचा रवा असतो ना, तितपत. दुकानात दळून घेत असाल तर 'फ्रेंच प्रेससाठी' असं सांगा. फिल्टर कॉफीच्या पुड्यावर चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं असतं तेही बघा. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. ती पाण्यात पटकन उतरते, कॉफी गडद आणि दाट दिसते, पण मग चवीत कॉफी किती आणि चिकोरी किती हे कळत नाही. इथे बिनचिकोरीची बरी.

दांडा अडकलाच तर जोर लावू नका. एखाद सेंटिमीटर वर उचला, जाळी मोकळी होऊ द्या, मग हळूहळू खाली न्या. आणि दांडा दाबायचं काम मोठ्यांचंच. मुलं कितीही मागे लागली तरी.

मग सगळेच बारीक का नाही दळत, नि सगळेच जाड का नाही, असं मुलं विचारतील. तिथे फळ्यावर एक घन काढा. १ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचे १ मिमी बाजूचे तुकडे केले तर ते हजार होतात आणि सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ ६० चौ. सेंमी. वस्तू तेवढीच, पण पाण्याला भिडणारी जागा दसपट. म्हणून बारीक पुडीतून अर्क झटपट उतरतो आणि जाड पुडीला वेळ द्यावा लागतो. फ्रेंच प्रेसमध्ये पूड पाण्यात बुडूनच बसते, तेव्हा वेळ आपल्या हातात असतो.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काम चांगलं होतं. आपण चहा उकळतो तशी कॉफी खळखळ उकळली तर कडवटपणा जास्त उतरतो. गंमत म्हणजे महाबळेश्वरला थांबायचीही गरज नाही. उंचीमुळे तिथे पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्यात साधारण ९८ ला.

भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर गार काचच पाण्यातली उष्णता खाऊन टाकते. भांड्याखाली कोरडं फडकं ठेवा, गार ओल्या ओट्यावर तापलेली काच नको. कॉफी घाला, पाणी ओता, घड्याळ लावा. ताजी भाजलेली कॉफी असेल तर वर फेसाचा जाड थर फुगून येतो. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय तो. शिळ्या कॉफीत हा थर फारसा येत नाही, त्यामुळे दुकानदाराचं 'ताजी आहे हो' खरं की खोटं तेही कळतं.

चार मिनिटांनी चमच्याने वरचा थर हलकेच मोडा. इतका वेळ वायूच्या बुडबुड्यांनी तरंगत असलेले कण आता खाली बसू लागतील. हे मुलांना काचेतून जरूर दाखवा. बहुतेक जण इथेच दांडा दाबून मोकळे होतात, आणि तेही चालतं. पण २००७ चा जागतिक बरिस्ता विजेता जेम्स हॉफमन वेगळं सांगतो: वरचा फेस काढून टाका, अजून पाचेक मिनिटं थांबा, जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत न्या आणि ओता. तळापर्यंत दाबूच नका. मला हे पटलं. दाबताना तळाशी बसलेला साका पुन्हा ढवळला जातो आणि कपात चिखल येतो. थांबलो तर काम निवळण्याने होतं आणि जाळी फक्त उरलेले कण अडवते. शिवाय दाबायचंच नाही म्हटल्यावर उडण्याची भीतीही जवळजवळ गेली. कॉफी तोवर पिण्याजोगी कोमट-गरम होते, फुंकर मारत बसावं लागत नाही. सगळी एकदम कपांत ओता. चोथ्यावर राहिली तर अर्क उतरतच राहतो. दूध घालायचं तर गरम करून कपात, प्रेसमध्ये नको.

इथे एक प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे: कॉफी पाण्यात विरघळते का? इन्स्टंट कॉफी पूर्ण विरघळते. दळलेली कॉफी विरघळत नाही, तिच्यातलं काही विरघळतं, वजनाच्या साधारण पाचवा भाग. १८ ग्रॅममधले साडेतीन ग्रॅम. म्हणजे कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच! प्रयोगाला प्रेसही लागत नाही. तीन काचेच्या ग्लासांत गार, कोमट आणि गरम पाणी घ्या (गरम शिक्षकांनीच ओतायचं), प्रत्येकात एकेक चमचा पूड टाका आणि रंग कसा उतरतो ते मुलांना मिनिटामिनिटाला लिहू द्या. प्यायला मात्र कोणालाच नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. ओतलेल्या कॉफीवर उजेडात पाहिलं तर तेलाचा बारीक तवंग दिसतो. कागदी फिल्टर हे तेल अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. त्यातला कॅफेस्टॉल हा घटक रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते वाढवतो. आठवड्यातून दोनदा कप घेणाऱ्याने यावर झोप उडवू नये. पण घरात कोणाला कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल आणि रोज दोन-तीन कप व्हायला लागले असतील, तर कागदातून गाळून द्या किंवा डॉक्टरांच्या कानावर घाला. आजोबांना नातवाने कौतुकाने आणलेला प्रेस बऱ्याच घरांत असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

धुताना चोथा सिंकमध्ये सोडू नका, पाइप तुंबतो. कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळा किंवा ओल्या कचऱ्यात टाका. जाळीच्या चकत्या दर वेळी नाही, पण आठवड्यातून एकदा तरी सुट्या करून साबणाने घासा. दोन चकत्यांच्या मधे तेल साचतं, खवट होतं आणि मग पुडी कितीही ताजी आणा, पहिल्या घोटाला जुन्या तेलाच्या डब्याचाच वास येतो.