मुलाचा एकच गुडघा पुन्हा पुन्हा सुजतोय?

खेळताना पडला असेल म्हणून तुम्ही बर्फ लावता, क्रेप बँडेज बांधता. आठवड्यात सूज उतरते. दोन महिन्यांनी तोच गुडघा पुन्हा सुजतो. ताप नाही, पडल्याचेही आठवत नाही. नाशिकमध्ये आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांच्या मनात अशा वेळी आधी सांध्याचा टीबी, बालसंधिवात आणि हिमोफिलिया येतो. ते योग्यच आहे. पण तपासण्या त्यांच्याशी जुळत नसतील, तर सांध्याच्या अस्तरात वाढलेल्या साध्या गाठीचा विचार करावा लागतो. ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे.

अशा गाठी दुर्मिळ असतात. सायनोव्हियल हिमँजिओमा म्हणजे अस्तरातील रक्तवाहिन्यांचा गुंता. पाय उंचावर ठेवला की यातली सूज कधी कधी कमी होते, गुडघ्यावर निळसर डागही दिसू शकतो. हे घरच्यांच्याच लक्षात येते, म्हणून डॉक्टरांना जरूर सांगा. पीव्हीएनएसमध्ये अस्तर जाड होऊन त्यातून रक्त झिरपत राहते. लायपोमा आर्बोरेसन्समध्ये अस्तरात चरबी साठते.

एक्स-रे बहुतेकदा नॉर्मल येतो, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गुडघ्यातले पाणी काढण्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्याव्यात; हिमोफिलिया असेल तर साधी सुईही महागात पडते. (हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात डे-केअर केंद्र आहे.) गोठण्याची क्रिया ठीक असून, मार लागलेला नसतानाही पाणी रक्ताळलेले आले, तर तो मोठा सुगावा आहे. पुढची तपासणी एमआरआय. लहान मूल स्थिर राहत नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावे लागू शकते. त्याला घाबरून एमआरआय टाळू नका. शंका उरल्यास पक्के निदान अस्तराच्या तुकड्याच्या तपासणीतून, म्हणजे बायोप्सीतून होते.

पाण्याची किंवा अस्तराची तपासणी न करता, केवळ अंदाजाने महिनोन्‌महिने टीबीची औषधे देणे मला पटत नाही. तोवर सांध्यात वारंवार रक्त साचून कूर्चा झिजते, आणि ती भरून येत नाही. गाठ वेळीच सापडली तर ती अनेकदा दुर्बिणीतून काढता येते. पीव्हीएनएस मात्र पुन्हा उद्भवू शकतो, त्यामुळे नंतरही तपासणीला यावे लागते.

ताप आहे, गुडघा गरम आहे आणि मूल पाय टेकवत नाही, असे असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.