करपट, गोडसर, कुबट: मोटारीच्या वासांचे निदान

बालाघाटच्या डोंगररांगेतील चौसाळ्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२, जो पूर्वी २११ या क्रमांकाने ओळखला जाई, बीडच्या दिशेने मांजरसुंब्याला पोहोचतो आणि पुढे घाटाने खाली उतरतो. घाट उतरून थांबलेल्या मोटारीभोवती येणाऱ्या वासाला 'जळका वास' एवढेच नाव दिले, तर निदान पुढे सरकत नाही. कारण जळण्याचेही अनेक प्रकार असतात, आणि करपट, धुरकट, कुबट, आंबूस, उग्र असे मराठीने स्वयंपाकघरात घडवलेले शब्द मेस्त्रीला दोषाची जागा दाखवण्यासाठीही तितकेच नेमके ठरतात.

उतारावर वेग आवरताना ब्रेक मोटारीची ऊर्जा उष्णतेत बदलतात. ब्रेकच्या पॅडमध्ये व लायनरमध्ये घर्षणद्रव्यांना बांधून ठेवणारी राळ असते आणि ती मर्यादेपलीकडे तापली की करपट, काहीसा औषधी वास सुटतो. त्याच वेळी ब्रेकची पकडही ढिली पडू लागते, ज्याला 'ब्रेक फेड' म्हणतात. त्यामुळे हा वास इशारा म्हणूनच घ्यावा लागतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असते: डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरल्यावर प्रमाणित किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल दाबूनही जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधाचा आधार घेत उतरावा. इंधन वाचते या समजुतीने न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय धोक्याची तर आहेच, शिवाय ती समजूतही खरी नाही, कारण आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा थांबतोच.

हाच वास सपाट रस्त्यावर आला आणि एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकून राहिल्याची शक्यता मोठी असते; मागच्या दोन्ही चाकांशी आला, तर हॅन्डब्रेक पूर्ण सुटला होता का हे आधी पाहावे. चढावर 'हाफ क्लच'वर गाडी रेटल्यानंतर येणारा, कागद जळल्यासारखा वास मात्र क्लचप्लेटचा असतो. बॉनेट उघडताच तेलकट धुराचा वास आला, तर पॅकिंगमधून झिरपलेले इंजिन ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असावे. काडीकचरा जळल्याचा वास आल्यास गाडीखाली वाकून पाहणे आवश्यक आहे, कारण वाळलेले गवत किंवा रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या पिकाचा भुसा सायलेन्सरच्या बाजूला अडकून पेट घेऊ शकतो. प्लॅस्टिक जळल्याचा, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास वायरिंगचा असतो. गाडी शेताजवळ वा गोदामाजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी वायरी कुरतडल्याचा संशय प्रथम घ्यावा. अशा वेळी इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे.

न जळता येणारे वास अधिक फसवे असतात. गोडसर वास कूलंटचा असतो. त्यातील इथिलीन ग्लायकोल हे द्रव्य विषारी असून गोड असल्याने जनावरेही ते चाटतात. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, कारण दाबाखालचे द्रव उसळून भाजते. एसी सुरू होताच येणारा कुबट वास कूलिंग कॉइलवर साचलेल्या ओलीतील बुरशीचा असतो, आणि त्यावर सुगंधी डबी लावणे हा उपाय नव्हे. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडून येतो किंवा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीकडून. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकात इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली असल्याने, नव्या गाडीत असा वास आल्यास बॅटरीचीही तपासणी टाळू नये.

सीएनजीचा ओळखीचा दर्प मुळात त्या वायूचा नसतो. नैसर्गिक वायूला वास नसतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साठलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जणांचा, त्यातही बहुतांशी मुलांचा, मृत्यू झाला, आणि त्यानंतर वायूत मर्कॅप्टन वर्गातील दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. तो वास वा पेट्रोलचा वास येत असेल, तर दारे उघडावीत, ठिणगी टाळावी आणि गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये.

नाकाची मर्यादा अशी, की सतत येणारा वास त्याला काही मिनिटांतच जाणवेनासा होतो. त्यामुळे चौसाळ्याच्या थांब्यावर नव्याने गाडीत बसणाऱ्याचे म्हणणे चालकाच्या नाकापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावे. गॅरेजमध्ये वास चढावर आला की उतारावर, कोणत्या चाकाशी, एसी चालू असताना की बंद असताना, हे सांगितले तर शोध निम्म्यावर येतो. आत धुराचा वास येत असेल, तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येत असतो, ज्याला स्वतःचा कोणताच वास नाही. म्हणून अशी गाडी काचा उघड्या ठेवूनच गॅरेजपर्यंत न्यावी, आणि इंजिन चालू ठेवून तिच्यात कोणी झोपू नये.