मराठीत आलेले आणि देवनागरीत आलेले

आमच्या चौक गावात ‘रान’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ‘बा रानात गेलाय’ म्हटले की तो भाताच्या खाचरात असतो. ‘तिन्हीसांजेला रानात जाऊ नका’ म्हटले की इर्शाळगडाच्या पायथ्याची दाटी डोळ्यांपुढे येते. शाळकरी वयात जी. ए. कुलकर्णींनी अनुवादलेली ‘रान’ हातात पडली, तेव्हा ती अमेरिकेतल्या ओहायोच्या जंगलात घडते हे कळायला मला बरीच पाने लागली. कॉनराड रिक्टरच्या मूळ कादंबरीचे नाव ‘द ट्रीज’, १९४० ची. शब्दाला शब्द लावला असता तर ‘झाडे’ झाले असते. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जीएंना ते नक्कीच सुचले असणार. पण त्यांनी ‘रान’ केले आणि ओहायो आमच्या बांधाला येऊन टेकला.

जगाचे कथासाहित्य मराठीत कसे आले, याचा आढावा घ्यायला मला म्हणूनच शीर्षके बरी वाटतात. पुस्तक मराठीत आले की नुसतेच देवनागरीत आले, याचा अंदाज कव्हरवरच येतो.

सुरुवात कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून (१८२४–१८७८) करू. ‘अरेबियन नाइट्स’ त्यांनी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतले. चिरंजीव विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे चालवले. पुस्तकाचे नाव ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. मुळात ना ‘सुरस’ आहे ना ‘चमत्कारिक’. आज कुणी कामचुकारपणाची सबब सांगू लागला, की ‘तुझ्या सुरस आणि चमत्कारिक कथा पुरेत’ असे आपण त्याला सुनावतो. शहराजादीच्या हजार रात्रींतून मराठीला एक टोमणा मिळाला! भाषांतराने भाषेत घर केल्याचा याहून पक्का पुरावा मला ठाऊक नाही.

पुढे वाट बंगालवरून वळली. ज्या दिवाळी अंकाच्या प्रथेमुळे हा लेख तुमच्या हाती आला, ती काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकाने घातली. बंगालीच्या ओढीने या गृहस्थांनी आपले आडनावच ‘मित्र’ करून घेतले होते. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणला, तो इतका अंगवळणी पडला की जुन्या पिढीतल्या कित्येक घरांत तो बंगाली आहे याचाही विसर पडला होता. युरोपातून साने गुरुजींनी व्हिक्टर ह्यूगोची ‘ला मिझराब्ल’ (१८६२) आणली आणि नाव दिले ‘दुःखी’. एवढा अवाढव्य ग्रंथ गुरुजींनी दोन अक्षरांत बसवला, आणि ही दोन अक्षरे पूर्णपणे त्यांच्या स्वभावाची आहेत.

मुलांच्या वाट्याला भा. रा. भागवत आले. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी त्यांनी मराठी पोरांना अशा घडवल्या, की पुण्याच्या फुरसुंगीचा बनेश फेणे त्याच हाताने लिहिला गेला याचे नवल वाटत नाही. माझ्या मते व्हर्न मराठीत मुरवताना भागवतांच्या हाताला जो वेग आला, तोच फास्टर फेणेच्या सायकलला लागला. शांता शेळक्यांनी लुईझा मे अल्कॉटची ‘लिटल विमेन’ आणली ती ‘चौघीजणी’ म्हणून. ‘छोट्या बायका’ म्हटले असते तर पुस्तक तिथेच बसले असते. ‘चौघीजणी’ म्हटल्यावर ओट्यावर गजरे करत बसलेल्या बहिणी दिसू लागतात.

पण शीर्षकाच्या कसबात बाजी मारली ती पु. लं.नी. हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ ची, पु. लं.चा अनुवाद १९६५ चा, ‘एका कोळियाने’. म्हातारा आणि समुद्र दोघेही नावातून गेले, आणि जुन्या क्रमिक पुस्तकातली एक कविता आली. ती कविता आहे जाळे विणणाऱ्या कोळ्याची, म्हणजे किड्याची. तो पडतो, पुन्हा चढतो. मासे धरणारा आणि जाळे विणणारा, दोघांनाही एकच शब्द मराठीखेरीज सहसा कुठे मिळायचा? मासळीविना दिवसामागून दिवस रिकामा परतणारा, तरी पुन्हा होडी लोटणारा सांतियागो या एका श्लेषात पुरता बसला. ज्याने ती कविता शाळेत घोकली, त्याला पहिले पान उघडण्याआधीच म्हातारा ओळखीचा झाला.

आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्याचाही या आढाव्यात वाटा आहे. नारायण सुर्वे उत्तरायुष्यात नेरळला राहत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले ते पोर शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’. मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मकथेच्या तिसऱ्या भागाचे नाव ‘माझी विद्यापीठे’. रशियातल्या एका कष्टकऱ्याच्या पुस्तकाचे नाव परळ-लालबागच्या कवीच्या संग्रहावर आले आणि अनेकवचनाचे एकवचन झाले, कारण सुर्व्यांचे विद्यापीठ एकच होते: रस्ता. भाषांतर न करताही परके पुस्तक असे आत घेता येते. कृष्ण चंदर यांचे ‘दादर पुलाकडील मुले’ मात्र सुर्व्यांनी रीतसर मराठीत आणले. त्याच काळात मॉस्कोहून छापून येणारी रशियन पुस्तके मराठीत स्वस्तात मिळत. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत चित्रांची ती पुस्तके खेड्यातल्या पोरांनी पाहिलेला पहिला परदेश होता.

सत्तरच्या दशकानंतर वारे फिरले. रवींद्र गुर्जरांच्या ‘पॅपिलॉन’ने दाखवून दिले की परदेशी पुस्तक मराठीत दणकून खपू शकते. मग मेहता पब्लिशिंग हाउससारख्या प्रकाशनांनी जगातली खपाऊ पुस्तके झपाट्याने आणली. वाचकांची यात सोय झाली, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. एस.टी.च्या थांब्यावरच्या स्टॉलवरही काबूल आणि लॅटिन अमेरिका मिळू लागले. पण नावे पाहा: ‘द काइट रनर’, ‘अल्केमिस्ट’... पुस्तक मराठी आणि नाव मात्र इंग्रजी, नुसते देवनागरीत बसवलेले. प्रकाशकाचे गणित साधे असते: इंग्रजी नाव ऐकून माहीत असते, त्यावरच गिऱ्हाईक येते.

मी एकांगी होत नाही. जीएंनीसुद्धा विल्यम गोल्डिंगचे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ त्याच नावाने ठेवले. पॅपिलॉन हे तर नायकाचे टोपणनाव. त्याचे ‘फुलपाखरू’ केले असते तर काळ्या पाण्याचा कैदी बालगीतात गेला असता. परके नाव राखणे हाही निर्णय असू शकतो. निर्णयच न घेणे ही खोड.

मूळ भाषेतून थेट मराठीत, ही वाट अरुंद आहे पण बंद नाही. पुण्यातून निघणाऱ्या ‘केल्याने भाषांतर’ या त्रैमासिकाने परकीय भाषांतले साहित्य इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून आणण्याचा वसा घेतला. नाव जुन्या सुभाषितावर बेतलेले. देशाटनाच्या जागी भाषांतर. आणि अनुवादकाच्या आयुष्याचे माझे आवडते चित्र उमा कुलकर्णींच्या घरातले. पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवत. त्या ऐकत, थांबवत, पुन्हा ऐकत मराठीत लिहीत. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ अशी मराठीच्या घरात आली. कानावरून आलेल्या मजकुराला बोलीची लय असते, म्हणून असेल, त्या पानांत कुठे ठेच लागत नाही.

पुन्हा रिक्टरकडे येतो. त्याची कथा तीन भागांची. मूळ नावे झाडे, शेते, शहर अशा अर्थाची. जीएंची नावे ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. आधी रान तोडले, मग शिवार झाले, शिवाराचे गाव झाले. ओहायोत या प्रवासाला एका बाईचे अख्खे आयुष्य लागले. चौकात रान आणि शिवार माझ्या आजोबांनी पाहिले, गाव वडिलांनी. चौथा भाग मी पाहतो आहे. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने खोपोलीकडे निघालात की शिवारांना कुंपणे दिसतील, कुंपणांवर फलक. व्हॅली, मेडोज, हिल्स अशा शब्दांनी संपणारी नावे, देवनागरीत.

परवा एका फलकाखाली आमच्याच आळीतला म्हातारा विळा घेऊन गवत कापत होता. ‘इथं काय होणार?’ मी विचारले. त्याने वर पाहिले, फलकावरची अक्षरे एकेक लावत वाचली, आणि म्हणाला, ‘कोणास ठाऊक. आम्ही याला जांभळीचं शिवार म्हणतो.’