आवश्यक स्निग्धाम्लें : बाटलींतलीं आणि घरांतलीं

गेल्या दिवाळीनंतर कांहीं कामानिमित्त मी अमरावतीस गेलों असतां माझ्या वृद्ध मामींकडे दोन दिवस उतरलों होतों. मामींचें वय पंचाहत्तरीच्या आसपास. वयाच्या मानानें प्रकृति ठीक. देवधर्म, वाचन आणि घरांतील बारीकसारीक कामें ह्यांत त्यांचा वेळ जातो. रात्रीचें जेवण आटोपल्यावर त्यांनीं फडताळांतून एक बाटली काढली, तींतील सोनेरी रंगाची टपोरी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि बाटली माझ्यापुढें करून त्या म्हणाल्या, "नातवानें अमेरिकेहून पाठविली आहे. आठ महिने झाले, रोज घेतें. हिच्यावर काय लिहिलें आहे तें जरा वाचून सांग. अक्षर फार बारीक आहे."

मीं वाचलें आणि क्षणभर घुटमळलों. गोळींत माशाचें तेल होतें आणि तिचें आवरण जिलेटिनचें, म्हणजे प्राण्यांच्या हाडांकातड्यांपासून काढलेल्या पदार्थाचें होतें. ज्यांनीं जन्मांत अंड्यास स्पर्श केला नाहीं, त्यांस हें कसें सांगावें? पण खोटें बोलणेंही बरें नव्हे, म्हणून सांगितलें. मामी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "औषध म्हणून घेतलें, त्याचा दोष मी मानीत नाहीं. पोरानें काळजीपोटीं पाठविलें, त्यालाही बोल लावीत नाहीं. पण आतां एवढेंच सांग, हें सोडलें तर माझ्या हृदयाला कांहीं होईल का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देण्याइतकें ज्ञान माझ्यापाशीं नव्हतें. परत आल्यावर ह्या विषयावरील जें शास्त्रीय वाङ्मय मला मिळालें तें मीं वाचून काढलें. आज असल्या बाटल्या अनेक सुशिक्षित घरांतून दिसतात, आणि तोच प्रश्न इतरही कित्येकांच्या मनांत असेल. म्हणून हाती आलेली माहिती येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम 'आवश्यक' ह्या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. व्यवहारांत आपण हा शब्द फार सैलपणें वापरतों. परंतु आहारशास्त्रांत त्याचा अर्थ नेमका आहे. जो पदार्थ शरीरास लागतो, पण शरीरास स्वतः घडवितां येत नाहीं, आणि म्हणून जो अन्नांतूनच यावा लागतो, तो आवश्यक पदार्थ होय. तेल, तूप, लोणी हे सर्व स्निग्ध पदार्थ ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लें ह्यांच्या संयोगानें बनलेले असतात. यांपैकीं बहुतेक स्निग्धाम्लें आपलें शरीर साखरेपासून व पिठूळ पदार्थांपासून स्वतःच तयार करूं शकतें. फक्त दोन त्यास मुळींच करतां येत नाहींत. एक लिनोलिक आम्ल, आणि दुसरें अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पहिल्याच्या कुळास ओमेगा-6 आणि दुसऱ्याच्या कुळास ओमेगा-3 म्हणतात. ह्या दोन्ही नांवांच्या मुळाशीं 'लिनम' हा लॅटिन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ जवस. आपल्या संस्कृतांत ज्या वनस्पतीस अतसी, उमा किंवा क्षुमा म्हटलें आहे, जिच्या धाग्यांच्या वस्त्रास क्षौम हें नांव पडलें, तीच ही.

स्निग्ध पदार्थांत असें कांहीं अपरिहार्य आहे, ही गोष्ट 1929 पर्यंत कोणास ठाऊक नव्हती. तूप-तेल म्हणजे शरीराचें सरपण, आणि फार तर अ व ड जीवनसत्त्वांचें वाहन, इतकीच त्यांची किंमत मानली जाई. त्या वर्षीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर ह्यांनीं उंदरांस सर्व ज्ञात जीवनसत्त्वें देऊन, परंतु स्निग्धांश कटाक्षानें वगळून वाढविलें. कांहीं महिन्यांत त्या उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, कातडी सुजली, मूत्रपिंडें बिघडलीं आणि प्रजोत्पत्ति थांबली. पुढें 1930 मध्यें त्या दांपत्यानें दाखवून दिलें कीं, लिनोलिक आम्लाचा अल्पसा अंश अन्नांत मिळविला असतां हा रोग बरा होतो. 'आवश्यक स्निग्धाम्ल' ही कल्पना येथून रूढ झाली.

उंदरांस जें लागू तें माणसांस लागू आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्याच प्रयोगशाळेंतील विल्यम ब्राऊन नांवाच्या गृहस्थानें सहा महिने जवळजवळ स्निग्धरहित आहार घेतला. साय काढलेलें दूध, साखर, बटाट्याचा सत्त्वांश, संत्र्याचा रस असा तो आहार होता. 1938 मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष मोठा बोधप्रद आहे. ब्राऊन ह्यांचें वजन कांहीं घटलें. पण त्वचेवर कसलाही विकार उमटला नाहीं, उलट त्यांची जुनी अर्धशिशी थांबली. ह्याचें कारण असें कीं, प्रौढ माणसाच्या अंगांतील चरबींत ह्या आम्लांचा साठा असतो आणि तो पुष्कळ महिने पुरतो. म्हणून धडधाकट, नेहमींचें जेवण जेवणाऱ्या माणसास त्यांच्या अभावाचा रोग सहसा होत नाहीं. चार दिवस गोळी चुकली म्हणून जीव घाबरा करण्याचें कारण नाहीं, हें येथेंच स्पष्ट होतें.

परंतु ज्यांच्यापाशीं साठाच नाहीं, त्यांची गोष्ट निराळी. अर्भकांवरील आर्नल्ड नव्हे, आरिल्ड हॅन्सेन ह्या डॉक्टरांचें काम ह्या बाबतींत महत्त्वाचें आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या प्रकारच्या दुधावर वाढणाऱ्या 428 अर्भकांची पाहणी 1963 मध्यें प्रसिद्ध केली. ज्या दुधांत लिनोलिक आम्ल फार थोडें होतें, त्यावरील मुलांची कातडी कोरडी, जाड व खवलेदार झाली. तें आम्ल मिळतांच ती पूर्ववत् झाली. शंकेस जागा उरली नाहीं.

दुसऱ्या आम्लाची, म्हणजे अल्फा-लिनोलेनिकची, साक्ष मिळण्यास 1982 साल उजाडावें लागलें. राल्फ हॉलमन ह्या शास्त्रज्ञानें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका सहा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. बंदुकीच्या गोळीनें तिच्या आंतड्याचा मोठा भाग काढून टाकावा लागला होता, आणि तिचें सर्व पोषण शिरेवाटे चालू होतें. त्या पोषणद्रवांत स्निग्धांश होता तो करडईच्या तेलाचा. कांहीं महिन्यांनीं तिचे हातपाय बधिर होऊं लागले, चालतां येईना, दृष्टि अंधुक झाली. करडईच्या जागीं सोयाबीनचें तेल असलेला द्रव सुरू केल्यावर हीं लक्षणें नाहींशीं झालीं. दोन्ही तेलांत लिनोलिक आम्ल विपुल असतें. भेद एवढाच कीं, सोयाबीनच्या तेलांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल शेंकडा सुमारें सात असतें, आणि करडईच्या तेलांत तें जवळजवळ नसतेंच.

ही हकीकत आपल्याकडील गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. करडईचें तेल हृदयास चांगलें, ही समजूत महाराष्ट्रांत घरोघर आहे. ती सर्वस्वीं चुकीची नाहीं. परंतु शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल ह्या सर्व तेलांत पहिल्या कुळाचा भरणा असून दुसऱ्याचा अंश नांवापुरताच असतो. शिवाय दोन्ही कुळांतील आम्लांचें पुढील रूपांतर शरीरांतील एकाच विकराकडून होतें. एकाची गर्दी झाली म्हणजे दुसऱ्यास वाट मिळत नाहीं. तेव्हां आपल्या शाकाहारी घरांत उणीव संभवते ती ओमेगा-6 ची नव्हे, तर ओमेगा-3 ची.

आतां हीं आम्लें शरीरांत करतात तरी काय? प्रत्येक पेशीभोंवतीं जो पातळ पडदा असतो त्याचा लवचिकपणा ह्यांच्यावर अवलंबून असतो. ह्यांच्यापासून प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें बनतात. सूज, वेदना, रक्ताचें गोठणें, रक्तवाहिन्यांचें आकुंचन ह्यांवर त्यांचें नियंत्रण असतें. त्या द्रव्यांच्या संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन ह्यांस 1982 चें नोबेल पारितोषिक मिळालें. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून ईपीए आणि डीएचए हीं दोन लांब साखळीचीं आम्लें तयार होतात, आणि यांपैकीं डीएचए मेंदूंत व डोळ्यांच्या पडद्यांत मोठ्या प्रमाणांत असतें. मात्र हें रूपांतर फार मंद आहे. विशेषतः डीएचए अगदीं थोडें बनतें. माशांच्या तेलांत हीं दोन्ही आयतीं मिळतात, म्हणून त्याचा एवढा बोलबाला.

त्या बोलबाल्याचें मूळ ग्रीनलंडांत आहे. बँग आणि डायरबर्ग ह्या डॅनिश शास्त्रज्ञांनीं 1970 नंतरच्या दशकांत तेथील एस्किमो लोकांचें रक्त तपासलें. सील व मासे ह्यांवर राहणाऱ्या ह्या लोकांत हृद्रोग थोडा दिसतो, आणि त्याचें श्रेय ओमेगा-3 ला असावें, असें अनुमान त्यांनीं मांडलें. त्या प्रदेशांतील मृत्यूंच्या नोंदी कितपत पूर्ण होत्या, ह्याबद्दल पुढील अभ्यासकांनीं शंका घेतली आहे. इटलींतील 11,324 रुग्णांवरील 1999 च्या प्रयोगांत, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांस रोज एक ग्रॅम दिल्यानें मृत्यु कमी झाल्याचें आढळलें, आणि बाटल्यांस बाजार मिळाला.

पण नंतरच्या मोठ्या व काटेकोर परीक्षांत तो लाभ टिकला नाहीं. 2018 मध्यें दोन परीक्षांचे निकाल आले. इंग्लंडांतील परीक्षेंत 15,480 मधुमेही होते, अमेरिकेंतील परीक्षेंत 25,871 निरोगी प्रौढ होते; रोज एक ग्रॅम घेणारे आणि न घेणारे ह्यांच्यांत हृदयविकार व पक्षघात ह्यांच्या एकूण प्रमाणांत लक्षणीय फरक पडला नाहीं. त्याच वर्षीं दुसऱ्या एका परीक्षेंत, ज्यांच्या रक्तांत ट्रायग्लिसराइड अधिक आहे अशा 8,179 रुग्णांस शुद्ध ईपीए रोज चार ग्रॅम दिल्यानें हृद्रोगाचे प्रसंग शेंकडा 25 नीं घटले; परंतु तुलनेसाठीं दिलेल्या खनिज तेलावरून वाद उत्पन्न झाला. ईपीए व डीएचए मिळून चार ग्रॅम देणारी 13,078 रुग्णांवरील परीक्षा 2020 मध्यें लाभ दिसेना म्हणून मध्येंच थांबवावी लागली. आणि ह्या दोन्ही मोठ्या मात्रांच्या परीक्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार घेणाऱ्यांस किंचित् अधिक झाला. म्हणजे ही गोळी सर्वस्वीं निरुपद्रवी आहे, असेंही म्हणतां येत नाहीं.

तात्पर्य असें कीं, स्निग्धाम्लें आवश्यक आहेत हें निर्विवाद. परंतु त्यावरून बाटली आवश्यक ठरत नाहीं. ज्यांचें ट्रायग्लिसराइड फार वाढलें आहे, त्यांस डॉक्टर जें शुद्ध ओमेगा-3 मोजून देतात तें औषध होय, आणि तें आपल्या मनानें सुरू वा बंद करूं नये. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असणाऱ्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणतीच गोळी घेऊं नये. गर्भवतींस डीएचए द्यावें कीं काय, ह्यावर परीक्षांचे निकाल एकमुखी नाहींत. तो निर्णयही डॉक्टरांवर सोपवावा. ज्यांस डीएचए घ्यावेंच लागेल अशा शाकाहारी माणसांनीं मासे धुंडाळण्याची गरज नाहीं. मासे तरी तें आणतात कोठून? समुद्रांतील सूक्ष्म शैवाल तें तयार करतें, आणि अन्नसाखळीनें तें माशांत येतें. त्या शैवालापासून काढलेलें तेल वनस्पतिजन्य आवरणांत मिळतें. बाटली घेण्यापूर्वीं तिच्यावरील बारीक अक्षर वाचावें, एवढेंच.

बाकीच्यांची सोय घरांतच आहे. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांच्या मतें, दिवसाच्या उष्मांकांपैकीं निदान शेंकडा अर्धा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लांतून यावा. 2,000 उष्मांकांच्या आहारास हें प्रमाण सुमारें 1.1 ग्रॅम पडतें. शंभर ग्रॅम जवसांत हें आम्ल 22 ग्रॅमांच्या वर असतें. म्हणजे चहाचे दोन चमचे जवसाची पूड ह्या गरजेस पुरते. अक्रोड व मोहरीचें तेल ह्यांतही तें बरेंच असतें. कारळ्याची चटणी रुचकर खरी, पण तींत लिनोलिक आम्लच मुख्य असतें. तिनें जवसाची जागा भरत नाहीं. जवस अख्खे गिळल्यास टणक सालीमुळें तसेच बाहेर पडतात, म्हणून ते मंद आंचेवर भाजून कुटावे. पूड फार दिवस ठेवल्यास खवट होते, यास्तव ती आठवड्यापुरतीच करावी. जवसाचें तेल हवेंत सुकून घट्ट होतें, म्हणून रंगारी तें वापरतात. त्याच गुणामुळें तें तळणीस योग्य नव्हे.

हें सर्व मीं मामींस पत्रानें कळविलें आणि त्यांच्या नेहमींच्या डॉक्टरांस विचारण्याचा आग्रह केला. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, हृदय तपासलें आणि गोळी सोडण्यास हरकत नाहीं म्हणून सांगितलें. पुढें मामींचें उत्तर आलें, त्यांत लिहिलें होतें : "माझी आई वऱ्हाडांत दर आठवड्यास जवसाची चटणी कुटीत असे. दांत पडल्यापासून मीं ती सोडली होती, कारण भाकरीबरोबर चावत नाहीं. आतां सूनबाई बारीक पूड करून ठेवते. जिरें-मीठ घालून ती दह्यांत कालवून खातें. नातवाला कळविलें आहे, कीं तुझी काळजी पोंचली, बाटली आतां पाठवूं नकोस. दिवाळींत येशील तेव्हां हीच चटणी तुलाही बांधून देईन."