पांढऱ्या पातळातली बाई

पावसाची रात्र. मोटारीच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर पडतो, आणि त्या झोतात एक बाई उभी दिसते. पांढरंशुभ्र पातळ, चेहऱ्यावर भीतीही नाही नि हसूही नाही. काचेवरचं पाणी पुसणारा वायपर बंद पडलेला; डॉक्टरमहाशयांना पुढचं काही दिसत नाही, बाईंना मात्र रस्ता अगदी स्वच्छ दिसत असतो! आणि तो रस्ता संपतो कबरस्तानापाशी. राज खोसलांच्या 'वह कौन थी' (१९६४) या चित्रपटाची ही सुरुवात ज्यांनी थेटरात पाहिली, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या रात्री परसात जायला सोबत मागितली असेल.

पण गंमत अशी, की ही बाई भूत नसतेच. डॉक्टर वेडा ठरावा आणि त्याच्या वाट्याची इस्टेट आपल्याला मिळावी, म्हणून एका पुरुषानं रचलेला तो डाव असतो. भूत झालेली बाई असते बायकोची जुळी बहीण. आणि खरी बायको, जिला यातलं काडीइतकंही ठाऊक नाही, ती बिचारी नवऱ्याच्या संशयाला पात्र होते. कमाल अमरोहींच्या 'महल'मध्येही (१९४९) तेच. हवेलीत फिरणारी, झोपाळ्यावर झुलणारी कामिनी ही प्रत्यक्षात माळ्याची मुलगी आशा. जुन्या प्रेमकथा ऐकून ऐकून तिचं मन त्यात गुंतलेलं. माळ्याची मुलगी म्हणून मालक आपल्याकडे वळून पाहणार नाही, भूत म्हणून पाहील, हा तिचा हिशेब, आणि तो खोटा ठरत नाही.

याच 'महल'च्या गाण्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या गाण्यानं विशीतल्या लता मंगेशकरांचा आवाज घरोघर पोचला, त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'! म्हणजे चित्रपटातलं भूत खोटं, आणि तबकडीवर मात्र जिवंत गायिकेचं भूत केलेलं.

आता ही पडद्यावरची बाई आपल्या आजीच्या गोष्टींतल्या हडळीशेजारी उभी करून पाहा. वर्गात लोकसाहित्य शिकवताना मी मुलामुलींना आपल्याकडच्या भुतांची यादी करायला सांगतो. फळा भरून जातो, पण कुणाचं काय अडलं म्हणून ते भूत झालं, हे विचारलं की वर्ग हळूहळू गप्प होतो. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेलेला बटू. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला, नाहीतर पुरलेल्या धनावर जीव ठेवून मेलेला. पुरुष अडकतो तो संस्कारात, वंशात किंवा पैशात. आणि बाई? हडळ, अळवंत, उत्तरेकडची चुडैल, या बहुतेक सगळ्या गरोदरपणी किंवा बाळंतपणी दगावलेल्या. काळोखी खोली, कोंडलेला धूर, अंगात ज्वर, आणि उशाशी विळा. त्या खोलीनं बाई मारली, पण खोलीला दोष कुणी दिला नाही. मेलेलीलाच भूत ठरवून तिचे पाय उलटे केले.

हिंदी चित्रपटानं या हडळीचं नुसतं पातळ उचललं. बाळंतिणीची खोली मागंच राहिली, आणि तिच्याबरोबर हडळीचं गाऱ्हाणंही. 'बीस साल बाद' (१९६२) पाहा. जमीनदाराच्या अत्याचारानं जीव दिलेली मुलगी सूड घेते, अशी गावात बोलवा. शेवटी कळतं, सूड घेणारा तिच्याच घरचा पुरुष. म्हणजे भूत होऊनही तिच्या हाती काही नाही! याला थोर अपवाद बिमल रॉय यांच्या 'मधुमती'चा (१९५८). अत्याचारी जमीनदाराकडून कबुली घ्यायची म्हणून मधुमतीसारखीच दिसणारी माधवी तिचं सोंग घेऊन येणार, असं ठरलेलं. घटका भरते, ती येते, आणि असे प्रश्न विचारते की ज्यांची उत्तरं मेलेल्या मधुमतीलाच ठाऊक. जमीनदार कबूल होतो. आणि मग खरी माधवी धावतपळत येते, उशीर झाला म्हणून! वैजयंतीमालेच्या त्या मूर्तीची मला कधी भीती वाटली नाही. ती साक्ष द्यायला आलेली असते.

पुढं रामसे बंधूंचा जमाना आला. नवल म्हणजे त्यांच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) शाप आहे तो बाळंतपणाचाच: त्या राजघराण्यातली प्रत्येक मुलगी प्रसूत होताना मरेल. जुनी अळवंत दाराशी येऊन उभी होती म्हणा ना! पण कॅमेऱ्याला स्नानगृहातल्या नायिकेकडे पाहण्याची फार घाई, तेव्हा शापाकडे लक्ष कोण देतो?

ते लक्ष दिलं एका मराठी चित्रपटानं. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) पूजा सावंत ही आठ महिन्यांची गरोदर नेहा. कर्जानं पळालेल्या नवऱ्याबरोबर ती उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात येते. इथं पुन्हा गर्भारपण, पुन्हा कोंडलेलं घर. पण अंगावर काटा येतो तो भुतांमुळं नव्हे. तो येतो उषा नाईक यांच्या तुळसाबाईमुळं. किती मायेनं बोलते ती! आणि त्या मायेच्या पाठीमागं आहेत जन्मतःच मारलेल्या मुली. हे कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. आणि तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं इथल्या मुली २००१च्या शिरगणतीत ९१३ होत्या, त्या २०११ला ८९४ झाल्या.

तुळसाबाईही कधीकाळी अशाच एखाद्या खोलीत बाळंत झालेली असणार, हा विचार चित्रपट पाहताना माझ्या मनातून जाईना. हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्याही त्याच खोल्यांतून वाचून बाहेर आलेल्या होत्या. फुरियांनी २०२१ साली हीच कथा 'छोरी' या नावानं हिंदीत केली. भाषा बदलली, नट बदलले, उसाचा फड मात्र तसाच ठेवला.