आत्म्याने दीन ते धन्य

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात डोंगरावरचे प्रवचन सुरू होते, आणि येशूचा पहिला आशीर्वाद आत्म्याने दीन असलेल्यांना मिळतो. स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे, असे तो म्हणतो. पुढे कधीतरी मिळेल, असे नव्हे. देवापुढे मांडायला आपल्या गाठीशी काहीही पुण्य नाही, हे मनापासून मान्य करणारा माणूस आत्म्याने दीन. स्वतःला तुच्छ लेखण्याशी किंवा लाचारीशी याचा संबंध नाही.

लूकच्या 18व्या अध्यायातला दाखला हे सर्वांत स्पष्ट करून सांगतो, असे मला वाटते. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात: एक धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा परुशी, दुसरा जकातदार. परुशी आठवड्यातले दोन उपास आणि उत्पन्नाचा दशांश देवाला ऐकवतो. तो खोटे बोलतोय असे कुठेही म्हटलेले नाही, म्हणूनच हा दाखला टोचतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहायलाही धजत नाही, ऊर बडवत फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदारच.

लूकच्याच 6व्या अध्यायात मात्र येशू थेट गरिबांना आणि आज उपाशी असलेल्यांना धन्य म्हणतो, धनवंतांना इशारा देतो. त्यामुळे खऱ्या गरिबीकडे पाठ फिरवून केवळ मनाच्या दीनतेवर बोलणे मला अपुरे वाटते.