सिनेमात राबणाऱ्यांचे फोटो कुठे आहेत? ‘स्टिल’ आणि ‘पोर्ट्रेट’मधला फरक समजून घ्या

शूटिंग संपलं की ग्रुप फोटो निघतो. मधोमध हिरो-हिरॉइन, शेजारी दिग्दर्शक आणि कडेला अर्धे कापले गेलेले लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअप करणारे. टॅग होतात ते मधले चेहरे. मुंबईतला मोठा सेट असो की घाटंजीत चार मित्रांनी मोबाइलवर केलेली शॉर्टफिल्म, हे चित्र फारसं बदलत नाही. मग कडेला उभ्या असलेल्यांनीही हा सिनेमा घडवला, हे उद्या कशावरून कळणार?

सेटवर तर फोटोग्राफर असतोच ना?

असतो. त्याला स्टिल फोटोग्राफर म्हणतात. पोस्टर आणि बातम्यांसाठी तो सीनचे फोटो काढतो. पण त्या फोटोत कलाकार भूमिकेत असतो. म्हणजे फोटो पात्राचा असतो, माणसाचा नाही. पोर्ट्रेटमध्ये माणूस स्वतः म्हणून कॅमेऱ्यासमोर येतो. फोटो निघतोय हे त्याला ठाऊक असतं आणि कसं दिसायचं हे काही प्रमाणात तोही ठरवतो.

या क्षेत्रातलं मोठं मराठी नाव कोणतं?

गौतम राजाध्यक्ष (1950-2011). 1974 मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले आणि 1987 मध्ये पूर्णवेळ फोटोग्राफीकडे वळले. ‘चंदेरी’ या मराठी सिने-नियतकालिकाचं संपादनही त्यांनी केलं. 1997 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फेसेस’ या पुस्तकात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंत 45 जणांची पोर्ट्रेट्स आहेत. मऊ प्रकाश आणि समोरच्याशी रंगलेल्या गप्पा ही त्यांची ओळख होती. मात्र हे सगळं जग प्रामुख्याने ताऱ्यांचं होतं.

कॅमेरा दुसरीकडे वळला तर काय दिसतं?

दोन उदाहरणं पाहा. पहिलं, योसेफ विर्शिंग. हे जर्मन कॅमेरामन 1934 मध्ये स्थापन झालेल्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये होते. 1936 च्या ‘अछूत कन्या’चं छायांकन त्यांचंच. सिनेमाच्या कॅमेऱ्यासोबत ते साधा कॅमेराही बाळगत आणि दोन शॉटमधल्या वेळेत कलाकार, तंत्रज्ञ यांचे फोटो काढत. कुटुंबाने निगेटिव्ह जपल्या, म्हणून त्या काळचा स्टुडिओ कसा चालायचा हे आज डोळ्यांनी पाहता येतं.

दुसरं उदाहरण अमित मधेशिया यांचं. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजमध्ये त्यांनी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे टिपले. या फोटोंना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासोबत त्यांनी तंबू चालवणाऱ्यांवर आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्यावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

गावात शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी काय करावं?

खर्च काहीच नाही. शूटिंगच्या दिवशी प्रत्येकाचा एक वेगळा फोटो काढा. दारात किंवा खिडकीजवळ उभं करा, उन्हात नको. हातात कामाची वस्तू असू द्या: रिफ्लेक्टर, मेकअपची पेटी, जेवणाचा डबा. फोटोखाली पूर्ण नाव, काम, गाव आणि तारीख लिहा. टाकण्याआधी विचारा. ‘नको’ म्हटलं तर नको.

आणि फोटो कुणाच्या मालकीचा?

कॉपीराइट कायदा 1957 नुसार साधारणपणे फोटो काढणारा पहिला मालक असतो. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. त्यामुळे फोटो कोण, कुठे वापरणार हे आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून ठेवा. पुढच्या कामासाठी कुणी विचारलं, तर त्या लाइटमनकडे किंवा मेकअप करणाऱ्या ताईकडे दाखवायला नाव लिहिलेला एक फोटो तरी असेल.